गेटपासून डिस्पॅचपर्यंत : माहिती-व्यवस्थापन शिकलेल्या पदवीधरांसाठी

शिरवळहून नीरा ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. त्यामुळे या पट्ट्यातल्या मुलामुलींच्या पदव्यांची नावंही दोन विद्यापीठांची असतात. साताऱ्याच्या बाजूला शिवाजी विद्यापीठाची बीसीए किंवा बी.कॉम. आयटी, नदीपलीकडे पुणे विद्यापीठाची बीबीए-सीए. त्यात एमसीए केलेले आले, सिस्टिम्स घेऊन एमबीए केलेले आले. परदेशात ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स’ या नावाची स्वतंत्र पदवी मिळते, आपल्याकडे तोच अभ्यास या निरनिराळ्या नावांखाली विखुरला आहे. थोडं प्रोग्रॅमिंग, थोडा डेटाबेस, थोडं अकाउंट्स, थोडं व्यवस्थापन. सगळं थोडं थोडं असल्यामुळे निकाल लागला की मुलं गोंधळतात. इंजिनिअरइतकं कोडिंग येत नाही आणि कॉमर्सवाल्याइतके हिशेब येत नाहीत, असं त्यांना वाटायला लागतं. मग घरात दोनच नावं निघतात, हिंजवडी नाहीतर स्पर्धा परीक्षा.

हा लेख तिसऱ्या वाटेसाठी आहे. ही वाट अनेकांच्या घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी गांभीर्याने पाहत नाही.

शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात काय काय तयार होतं ते एकदा डोळ्यांपुढे आणा. गोदरेजच्या कारखान्यात फ्रीजसारखी घरगुती उपकरणं बनतात. विंगजवळ रीटर ही स्विस कंपनी सूतगिरण्यांची यंत्रं बनवते. थरमॅक्सचा बॉयलरचा कारखाना आहे, केएसबीचा पंपांचा आहे. खंडाळ्याचा एशियन पेंट्सचा प्रकल्प 2013 साली सुरू झाला. यांना सुटे भाग, पॅकिंग, फॅब्रिकेशन पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची तर रांगच आहे. या सगळ्या ठिकाणी रोज सकाळी कुणीतरी विचारतं, “एमआयएस गेला का?” म्हणजे काल किती माल आला, किती बनला, किती रिजेक्ट झाला, किती गाड्या गेल्या, याचा अहवाल साहेबांच्या मेलवर पोचला का. तो अहवाल बनवणाऱ्याचं पद म्हणजे एमआयएस एक्झिक्युटिव्ह. बहुतेकांची नोकरी इथूनच सुरू होते. पुष्कळांची इथेच अडकूनही राहते आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

एक ट्रक आत येतो तेव्हा

समजा, सकाळी सात वाजता पत्र्याच्या कॉइल घेऊन एक ट्रक गेटवर उभा राहिला. सिक्युरिटीवाला चलन, इनव्हॉइस, ई-वे बिल आणि गाडीचा नंबर पाहून गेट एन्ट्री करतो. गाडी काट्यावर जाते, भरल्या गाडीचं वजन होतं. स्टोअरमध्ये पर्चेस ऑर्डरशी ताडून माल उतरतो. रिकामी गाडी पुन्हा काट्यावर जाते आणि दोन वजनांतल्या फरकावरून मालाचं खरं वजन कळतं. मग जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद होते. पुढे क्वालिटीची तपासणी. ती होईपर्यंत माल सिस्टिममध्ये दिसतो, पण लाईनला घेता येत नाही. पास झाला की तो बिनला लागतो, बीओएमप्रमाणे, म्हणजे एका वस्तूला काय काय आणि किती लागतं त्या यादीप्रमाणे, प्रॉडक्शनला इश्यू होतो. शेवटी तयार वस्तूवर बारकोड लागतो, इनव्हॉइस निघतं आणि डिस्पॅचची गाडी बाहेर पडते.

आता या प्रवासात आकडा कुठे कुठे बिघडतो ते पाहा. चलनावर 9,600 किलो लिहिलं आहे, काट्यावर 9,540 भरलं. घाईत स्टोअरने चलनावरचा आकडा टाकला. कारखान्यात कधी आलाच नाही असा साठ किलो पत्रा आता सिस्टिममध्ये पडून आहे. दुसरी जागा एककाची. सप्लायर किलोने विकतो, बीओएम नगाने मागते आणि एका नगाला किती किलो लागतात हे गुणोत्तर कुणीतरी कधीतरी चुकीचं भरून ठेवलेलं असतं. तिसरी जागा रात्रपाळीची. रात्री बनलेल्या मालाची नोंद सकाळी आठ वाजता होते. ती दुसऱ्या तारखेला पडते आणि कालचं उत्पादन कमी, आजचं जास्त दिसतं. साहेब कालच्या शिफ्टला जाब विचारतात, आणि ते लोक तर रात्रभर राबलेले असतात.

आपल्या टेबलावर आलेल्या आकड्यांचा जो नुसता तक्ता बनवतो, तो वर्षानुवर्षं तक्तेच बनवत राहतो. साठ किलोचा फरक पाहून जो उठून काट्यापर्यंत जातो, वजनाची पावती आणि जीआरएन शेजारी शेजारी ठेवतो, त्याला कारखाना सोडत नाही. या पदवीचं मोल मला इथे दिसतं. ‘थोडं थोडं सगळं’ ही जी उणीव वाटते, तीच या जागी कामाला येते. काट्यावरच्या माणसाची अडचण, स्टोअरची घाई, अकाउंट्सचा आग्रह आणि डेटाबेसमधलं टेबल, या चारही गोष्टी कळणारं माणूस कारखान्यात क्वचित सापडतं.

म्हणून पहिल्या नोकरीबाबत माझं मत स्पष्ट आहे. एसी ऑफिसात बसून रिपोर्ट बनवण्याची जागा आणि स्टोअरमध्ये किंवा पीपीसीमध्ये, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागात उभ्याने काम करण्याची जागा, या दोन्ही समोर आल्या आणि पगार साधारण सारखा असेल, तर दुसरी घ्या. घरचे म्हणतील, एवढं शिकून गोडाऊनमध्ये उभं राहायचं का? त्यांना सांगा की ईआरपी सल्लागार ज्या प्रक्रियेबद्दल पुढे पैसे घेऊन बोलतो, ती इथेच शिकायला मिळते.

प्रत्येक उद्योगाचं दुखणं निराळं असतं, हेही लक्षात ठेवा. रंगात बॅच महत्त्वाची. शेड असंख्य, डबे लहानमोठे आणि मालाला मुदत. कोणत्या शहरात कोणती शेड किती खपेल याचा अंदाज संगणकावर बांधायला एशियन पेंट्सने सत्तरच्या दशकातच सुरुवात केली होती, यावरून या धंद्यात माहितीला किती किंमत आहे ते कळेल. बॉयलरचं काम प्रकल्पागणिक चालतं. एकेक ऑर्डर महिनोन् महिने चालते आणि दाबाखाली काम करणाऱ्या प्रत्येक नळीचं, प्लेटचं स्टील कोणत्या हीट नंबरचं आहे, त्याचं टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे, हे शेवटपर्यंत माग काढून दाखवता यावं लागतं. सूतगिरणीच्या यंत्रात सुटे भाग हजारोंनी, त्यामुळे बीओएमची रचना आणि ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती हीच डोकेदुखी. फ्रीजच्या लाईनला एक साधा गॅस्केट कमी पडला तरी लाईन थांबते, आणि सणाच्या आधी थांबलेली लाईन फार महागात पडते. यापैकी एका उद्योगाची भाषा नीट शिका. सॉफ्टवेअर बदलत राहतं, उद्योगाची ही जाण मात्र उपयोगी पडत राहते.

वर जाण्याचा रस्ता

एमआयएस एक्झिक्युटिव्हची पुढची पायरी सहसा ‘की-यूजर’ची असते. कंपनीत नवीन ईआरपी येते किंवा जुनी बदलते तेव्हा प्रत्येक विभागातून एक जाणता माणूस निवडला जातो. बाहेरून आलेल्या सल्लागारांना तो आपल्या विभागाचं काम समजावतो, चाचणी करतो आणि बाकीच्यांना शिकवतो. ही जबाबदारी चालून आली तर नाही म्हणू नका. जादा तास पडतात, जादा पैसे बहुधा मिळत नाहीत, पण दीड-दोन वर्षांत जे शिकून होतं ते कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही.

सध्याच्या काळात की-यूजरच्या या कामाला विशेष महत्त्व आहे. मोठ्या कारखान्यांत वर्षानुवर्षं चालत आलेल्या एसएपी या ईआरपीच्या जुन्या आवृत्तीचा मुख्य आधार ती बनवणाऱ्या कंपनीने 2027 अखेरपर्यंतच ठेवला आहे. जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी तो 2030 पर्यंत आहे. त्यामुळे अनेक कंपन्या एस/4 हाना या नव्या प्रणालीकडे चालल्या आहेत. अशा स्थलांतरात जुन्या मास्टर डेटाची साफसफाई हे सर्वांत किचकट काम असतं. एकच नट तीन कोडखाली नोंदलेला, बंद पडलेले सप्लायर अजून यादीत, एचएसएन कोड चुकलेले. हे निस्तरायला कोडिंग लागत नाही. चिकाटी आणि मालाची ओळख लागते.

की-यूजरपासून फंक्शनल सल्लागार होता येतं. खरेदी-साठ्यासाठी एमएम, उत्पादनासाठी पीपी, विक्रीसाठी एसडी, हिशेबासाठी फायको, अशी मॉड्यूलं असतात, आणि ज्या विभागात तुम्ही घडलात त्याचंच मॉड्यूल धरावं. पुण्याला जायचं असेल तर या टप्प्यावर जा. शिकाऊ म्हणून हिंजवडीत गेलात तर हेल्पडेस्कची किंवा टेस्टिंगची एखादी जागा मिळेल आणि त्याच जागेसाठी मोठी रांग असेल. कारखान्यातली तीन-चार वर्षं गाठीशी बांधून गेलात तर उत्पादन क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांना तुमची गरज असते. शिरवळहून हिंजवडी रोज जाऊन-येऊन करण्याचा विचार मात्र करू नका. कात्रजपासून पुढचा प्रवासच माणसाचा जीव काढतो.

एसएपीच्या क्लासबद्दल कळकळीने सांगायचं आहे. ‘नोकरीची हमी’ देऊन लाखभर किंवा त्याहून जास्त फी घेणारे क्लास आहेत. अनुभव नसताना केलेला असा कोर्स नोकरी देत नाही आणि हप्ते मात्र आईवडिलांच्या डोक्यावर बसतात. एसएपीच्या स्वतःच्या शिकवणीच्या संकेतस्थळावर पुष्कळ अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, ते आधी पाहा. प्रमाणपत्राची परीक्षा कंपनीत एक-दोन वर्षं काम केल्यावर द्या. कित्येकदा कंपनीच त्याचा खर्च उचलते.

सरावासाठी याहून सोपी गोष्ट उपलब्ध आहे. मुंबईच्या फ्रापे या कंपनीने बनवलेली ईआरपीनेक्स्ट ही मुक्त स्रोत प्रणाली. कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते, पायथॉनमध्ये लिहिलेली आहे आणि खरेदी, साठा, बीओएम, उत्पादन, विक्री, हिशेब सगळं तिच्यात आहे. ती लॅपटॉपवर बसवा आणि ओळखीतला एखादा छोटा धंदा तिच्यात मांडा. मामांचं हार्डवेअरचं दुकान चालेल, शेजाऱ्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालेल. शंभर वस्तूंचे मास्टर तयार करा, एक महिन्याची खरी खरेदी-विक्री भरा आणि महिनाअखेर सिस्टिममधला साठा प्रत्यक्ष फळीवरच्या मालाशी जुळतो का ते मोजा. पहिल्यांदा जुळणार नाही. का जुळला नाही ते एका पानावर लिहून काढा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बाजारातून आयतं ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ विकत आणण्याऐवजी हे करा. मुलाखतीत त्या एका पानावर अर्धा तास बोलता येईल.

बाकी साधनांचं थोडक्यात सांगतो. एक्सेल पक्कं हवं, पिव्हॉट आणि लुकअपच्या पुढे जाऊन पॉवर क्वेरीपर्यंत. रोज त्याच पाच फाइली हाताने चिकटवणाऱ्याला पॉवर क्वेरी आली की सकाळचा एक तास वाचतो. त्यानंतर एसक्यूएल. अनेक टेबलं जोडून हवी ती माहिती काढता येण्याइतकं तरी. मग पॉवर बीआय. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात, रंगीत डॅशबोर्डपासून सुरुवात करतात आणि खालचा डेटा चुकीचा आहे हे त्यांना कळतच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ही कामं जातील का, असा प्रश्न हल्ली प्रत्येक विद्यार्थी विचारतो. नुसता तक्ता बनवण्याचं काम जाईल, बरंचसं गेलंही आहे. पण चलन आणि काट्याची पावती यातला फरक पाहायला जो माणूस स्टोअरमध्ये जातो, त्याचं काम कुठलंही यंत्र सध्या करत नाही.

कायद्याने उभी केलेली कामं

गेल्या काही वर्षांत सरकारी नियमांनी माहिती-व्यवस्थापनाचं काम कितीतरी वाढवलं आहे, आणि हे आपल्या मुलांना कॉलेजात फारसं सांगितलं जात नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या उद्योगांना दुसऱ्या उद्योगांना विकलेल्या मालासाठी ई-इनव्हॉइस काढावं लागतं. शिरवळच्या आसपासचे कितीतरी मध्यम वर्कशॉप त्यामुळे या नियमात आले. सप्लायरने भरलेलं जीएसटी आपल्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसतं का, हे दर महिन्याला जुळवावं लागतं. दिसलं नाही तर क्रेडिट अडकतं. जॉबवर्कला पाठवलेला माल साधारणपणे एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो विकला असं धरून कर बसतो. म्हणजे कोणता माल कोणाकडे किती दिवस पडला आहे, याची यादी हवीच. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचं बंधन आहे आणि त्यासाठी माल कधी स्वीकारला ती तारीख अचूक लागते. पुन्हा ती गेटवरची नोंद आलीच.

कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून आणखी एक नियम लागू आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची बंद न करता येणारी नोंद राहिली पाहिजे. यातून नव्या मुलांनी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. दुसऱ्याच्या लॉगिनवर एन्ट्री करायची नाही आणि आपला पासवर्ड कुणाला द्यायचा नाही. ‘साहेबांनी सांगितलं होतं’ हे उत्तर त्या नोंदीत दिसत नाही, तुमचं नाव दिसतं.

ज्याला स्वतःचं काही करायचं आहे त्याच्यासाठी इथे खरी संधी आहे. पंधरा-वीस कामगारांच्या वर्कशॉपला पूर्णवेळ एमआयएसवाला परवडत नाही. मालक दिवसभर मशिनवर आणि संध्याकाळी बिलांच्या ढिगात असतो. टॅली, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, साठ्याची नोंद आणि महिन्याची जीएसटी जुळणी एवढं नीट करणारी व्यक्ती अशी पाच-सहा वर्कशॉप सांभाळू शकते. विवरणपत्रं भरण्याचं काम कर-सल्लागाराचं, त्यात पडू नका. त्याला लागणारी माहिती स्वच्छ करून देणं हे तुमचं. सुरुवातीला एकच वर्कशॉप घ्या, तिथला साठा खरोखर जुळवून दाखवा, मग त्याच मालकाच्या तोंडून पुढचं काम मिळेल.

कारखान्यांपलीकडे

सातारा-सांगलीचा हा भाग सहकाराचा आहे आणि सहकारात माहितीचं काम अफाट आहे. साखर कारखान्याचंच घ्या. कोणत्या शेतकऱ्याचा कोणत्या गटात किती ऊस, कोणती जात, लागणीची तारीख, यावरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. टोळी कुठे, गाडी कुठे, काट्यावर वजन किती, साखर उतारा किती. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराचे, पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. लागणीच्या तारखेत चूक झाली तर एखाद्याचा ऊस तुरे येऊन वाळेपर्यंत शेतात उभा राहतो. भुईंजपासून रेठऱ्यापर्यंत कारखाने आहेत. तिथे जागा हंगामी असतात, कधी वशिल्याच्याही असतात, हे खरं आहे. तरीही शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे काम दुसऱ्या कुणापेक्षाही लवकर कळतं.

गावच्या विकास सेवा सोसायट्यांचं संगणकीकरण ही आणखी ताजी गोष्ट. केंद्राने जून 2022 मध्ये देशातल्या 63,000 प्राथमिक सोसायट्या एकाच प्रणालीवर आणण्याची योजना मंजूर केली. सचिवांच्या चोपड्यांतली कर्जखाती, भागभांडवल, येणं-देणं हे सगळं संगणकावर आणायचं आणि जुळवायचं. सोसायटीतल्या नोकरीने कुणी श्रीमंत होणार नाही. पण पीककर्ज कसं चालतं हे ज्याने इथे पाहिलं, त्याला जिल्हा बँकेच्या भरतीत आणि नंतरच्या कामात त्याचा फायदा होतो. सातारा जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांना आरएफआयडीचे बिल्ले लावून त्यांचं दूध, प्रजनन आणि आरोग्य यांच्या नोंदी संगणकावर आणल्या. लहान शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या म्हशीपर्यंत माहिती-प्रणाली नेणारं हे उदाहरण देशभर सांगितलं जातं. एमआयएस म्हणजे फक्त काचेच्या इमारतीतलं काम, असं वाटणाऱ्यांनी त्याचा अभ्यास करावा. दूध संघ, लोणंदसारख्या कांद्याच्या बाजार समित्या, कराड-साताऱ्याची मोठी रुग्णालयं, सगळीकडे याच जातीचं काम आहे.

बँकांकडे वळायचं असेल तर आणखी एक शाखा आहे, माहिती-प्रणालीच्या लेखापरीक्षणाची. रिझर्व्ह बँकेने 2018 आणि 2019 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे नियम आणले, त्यामुळे छोट्या बँकांनाही हे तपासणारे लोक लागतात. सीसा ही त्यातली जगभर मानली जाणारी परीक्षा. ती आधी देता येते, प्रमाणपत्रासाठी मात्र साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवीनंतर लगेच धरण्याची ही वाट नाही. तिशीच्या आसपास मात्र फार चांगली आहे.

पुढे शिकायचं का, हा प्रश्न उरतो. तांत्रिक बाजू आवडत असेल तर एमसीए, आता ती दोनच वर्षांची आहे. माणसं आणि विभाग सांभाळायचे असतील तर एमबीए, पण ते दोन वर्षं नोकरी करून मग केलं तर जास्त अंगी लागतं. सरकारी बँकांच्या आयटी अधिकारी पदाची स्वप्नं पाहणाऱ्यांनी पात्रता आधी वाचावी. त्या आयबीपीएस परीक्षेला नुसती बीसीए चालत नाही. इंजिनिअरिंगची पदवी, एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी किंवा पदवीसोबत ‘बी’ लेव्हल लागते. हे न पाहता वर्ष घालवलेली मुलं दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. मुलींसाठी एक चांगली तरतूद आहे. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. अट अशी की प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्यायचा. कॉलेजच्या कोट्यातून परस्पर घेतला तर ही सवलत जाते.

नोकरी हातात घेताना

कंपनीच्या नावाने हुरळून जाऊ नका. नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे ते पाहा. मोठ्या कारखान्यांत पुष्कळ नवी मुलं ठेकेदारामार्फत घेतली जातात. काम आत, पण पे-रोल बाहेरच्याचा. अनुभवासाठी तसं काम करायला हरकत नाही. मात्र पीएफचा यूएएन आपल्या मोबाइलवर सुरू झाला का आणि दर महिन्याला रक्कम जमा होते का, हे स्वतः पाहा. महिन्याचं वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयसीचं कार्ड मिळालं पाहिजे. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायची नाहीत. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याला एक रुपया द्यायचा नाही.

थेट नोकरी मिळत नसेल तर केंद्राच्या शिकाऊ प्रशिक्षण योजनेत नाव नोंदवा. त्यात आता बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरही घेतले जातात आणि वर्षभर कारखान्यात काम शिकता येतं. राज्याने 2024 साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं. तिच्या सध्याच्या अटी साताऱ्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारून घ्या. ही प्रशिक्षणं आहेत, कायम नोकरीचं आश्वासन त्यात नाही. त्या काळात जमेल तितक्या विभागांत फिरून या. स्टोअरमध्ये बसवलं असेल तर जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं डिस्पॅचवाल्यांपाशी थांबा.

मुलाखतीत शेवटी विचारतात, “तुम्हाला काही विचारायचंय का?” बहुतेक जण नाही म्हणतात किंवा सुट्ट्यांबद्दल विचारतात. तुम्ही असं विचारा : “सर, तुमच्याकडे स्टॉकची प्रत्यक्ष मोजणी किती दिवसांनी होते आणि सिस्टिमशी फरक साधारण कुठे निघतो?” समोरचा माणूस पुढे सरकून बोलायला लागला, स्टोअरच्या, रात्रपाळीच्या, जॉबवर्कच्या अडचणी सांगायला लागला, तर तिथे शिकायला मिळेल. “आमच्याकडे फरक निघतच नाही,” असं उत्तर आलं तर रुजू होण्याआधी त्या कारखान्यात काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला विचारून घ्या.